नखपुराण

आमच्याकडे रविवारची सकाळ म्हणजे आईची नखं कापायची वेळ. शनिवारी नखं कापलेली तिला चालत नाहीत, तिन्हीसांजेला तर नावच काढायचं नाही, आणि इतर दिवशी मला वेळ नसतो. उरला रविवार. तरीही मी नेलकटर घेऊन समोर बसले की ती दर वेळी विचारतेच, "आज शनिवार नाही ना गं?"

अडीच वर्षांपूर्वी आईला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं बरंचसं परत आलं, थोडं अडखळतं एवढंच. काठी घेऊन घरातल्या घरात चालते. पण उजवा हात काही ऐकत नाही. तो मिटतो. स्नायू ताठरतात आणि मूठ आपोआप घट्ट आवळली जाते. सुरुवातीच्या दोन महिन्यांत औषधं, व्यायाम, डॉक्टरांच्या फेऱ्या या गडबडीत आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नाही की त्या मिटलेल्या मुठीत नखं वाढताहेत. एक दिवस अंघोळ घालताना वास आला म्हणून मूठ उघडून पाहिली, तर तळव्यावर चार चंद्रकोरी. रुतलेल्या. त्यातली एक चिघळलेली. तिला मधुमेह आहे. ती जखम भरायला पुढे महिना गेला, आणि तो महिना मी स्वतःला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

व्यायाम करून घ्यायला जी मुलगी यायची तिने मला युक्ती शिकवली. मूठ बोटं ओढून उघडायची नाही. आधी मनगट हळूच आतल्या बाजूला वाकवायचं, की बोटं आपोआप सैल पडतात. मग टबात कोमट पाणी घ्यायचं, हात दहा मिनिटं बुडवून ठेवायचा. पुसताना प्रत्येक बोटाच्या बेचकीतून मऊ फडकं फिरवायचं. नखं सरळ कापायची, कोपरे खोल घ्यायचे नाहीत. कानशीने कड गुळगुळीत करायची. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते तिला कात्री लावायची नाही, कारण तिच्यामुळेच नखाचं बीळ बंद राहतं. ती दुखावली की नखुरडं झालंच म्हणून समजा. शेवटी खोबरेल तेल. सगळं मिळून पाऊण तास.

मे महिन्यात भाची राहायला आली होती. पंचवीस वर्षांची आहे, नोकरी करते, आणि तिची नखं म्हणजे एक स्वतंत्र प्रकरण आहे. जांभळट, लांब, वर चमकी. मोबाईलवर टाइप करताना टकटक आवाज येतो. ती सोफ्यावर बसून आमचा कार्यक्रम बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "आत्या, अगं हे तर प्रॉपर मॅनिक्युअर आहे! माझ्याकडून याचे बाराशे घेतात."

आई म्हणाली, "मग मला दे सहाशे. हात माझा आहे."

आम्ही हसलो, पण तो शब्द माझ्या डोक्यात राहिला. मॅनिक्युअर. लॅटिनमध्ये मानुस म्हणजे हात आणि क्युरा म्हणजे काळजी, निगा. इतका साधा अर्थ आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर कळावं! मग आई झोपल्यावर रात्री मी यावर वाचत सुटले. माझं असंच आहे, एकदा एखाद्या गोष्टीचं शेपूट हाती लागलं की सोडवत नाही. नवरा म्हणाला, "आता नखांवर पीएचडी का?" असो.

तर मंडळी, नखांची निगा राखणं हा राजदरबारातला मानाचा हुद्दा होता. इजिप्तमध्ये सक्कारा इथे १९६४ साली एक थडगं सापडलं. नियांखख्नुम आणि ख्नुमहोतेप या दोघांचं. (उच्चार करून बघा. मी दोन दिवस सराव केलाय.) साधारण चार हजार चारशे वर्षांपूर्वीची ही माणसं, आणि दोघांचाही हुद्दा राजवाड्यातल्या नखं राखणाऱ्यांचे प्रमुख असा कोरलेला आहे. राजाच्या अंगाला हात लावायची मुभा असलेली माणसं ती. भिंतीभर चित्रं कोरलेलं उत्तम थडगं मिळालं त्यांना.

हे वाचताना मला आजोळचा न्हावी आठवला. संगमेश्वराजवळच्या त्या खेड्यात तो धोकटी घेऊन यायचा. वस्तरा, कात्री, आरसा, आणि नखं काढायची नराणी. आजोबांची हातापायाची नखं तोच काढायचा, पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन. आणि बसायचा अंगणात. ओटीची पायरी त्याने कधी चढलेली मला आठवत नाही. त्याला चहासुद्धा वेगळ्या कपात. काम तेच, स्पर्श तोच. तिथे भिंतीवर नाव कोरलं आणि इथे पायरीखाली बसवलं. आजोबा माझे लाडके होते, पण हे लिहायला हवं.

मग चीन. तिथली सम्राज्ञी त्सशी, तिचे १९०३-०४ च्या सुमाराचे फोटो उपलब्ध आहेत. अनामिका आणि करंगळीची नखं इतकी लांब की ती मोडू नयेत म्हणून त्यांच्यावर नक्षीदार निमुळती टोपणं घातलेली. त्या हातांनी बटण लावता येत नाही, केस विंचरता येत नाहीत, खरं तर काहीच करता येत नाही. तोच तर मुद्दा! नखं ओरडून सांगतात की माझं सगळं काम दुसरं कुणीतरी करतं.

आपल्याकडचं काय, म्हणून शोधायला गेले तर एक गंमतच सापडली. वात्स्यायनाच्या कामसूत्रात (काका-काकू लोकांनी कृपया पुढच्या परिच्छेदावर जावं) नखांवर आख्खं प्रकरण आहे आणि त्यात प्रांतवार नखांचं वर्णन आहे. गौडांची, म्हणजे बंगालकडच्या पुरुषांची, नखं लांब, हाताला शोभा देणारी, बघताच बायकांचं मन ओढून घेणारी. दाक्षिणात्यांची आखूड, पण कामाला टिकणारी. आणि महाराष्ट्रातल्यांची? मध्यम. दोन्हीकडचे थोडे थोडे गुण. मी हे वाचून इतकी हसले की नवरा उठून आला. दीड-पावणेदोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा आपण मध्यममार्गी!

चरकाने मात्र शोभेची भानगड ठेवली नाही. पंधरवड्यातून तीनदा केस, दाढीमिशा आणि नखं काढावीत, मोकळे व्हावे. आईचा रविवारचा हिशेब याच्या बराच जवळ जातो.

पण वात्स्यायनाची ती वर्गवारी लावायची तर माझी आई दाक्षिणात्यच ठरेल. आखूड, कामाला टिकणारी. आता मूळ गोष्टीकडे येते, जी लिहायची म्हणून बसले आणि इजिप्त-चीन फिरत बसले.

आम्ही लालबागला राहायचो. बाबा गिरणीत. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सहावीत होते. पहिले काही महिने सगळ्यांना वाटत होतं की आज मिटेल, उद्या मिटेल. मग आईने पोळ्या लाटून द्यायला सुरुवात केली. आधी वीस, मग चाळीस, मग रोजच्या शंभरापर्यंत गेल्या. पहाटे चारला परातीचा आवाज. कणीक नखात अडकते आणि वाळली की टोचते, म्हणून नखं अगदी मांसापर्यंत कापलेली. त्यावर हळदीचा पिवळा कायमचा. दुपारी एक बाई मसाला कुटायला बोलवायची, तिथेही जायची, त्यामुळे बोटांच्या पेरांतल्या भेगा तांबूस. डाव्या अंगठ्याचं नख विळीवर एकदा उभं चिरलं होतं, ते पुढे तसंच दुभंगलेलं उगवत राहिलं. आजही उगवतं.

त्याच सुमाराला दादरच्या मामीची नखं होती. मामी टेलिफोन खात्यात होती. लांब, बदामी आकाराची, लालभडक नखं. ती चहाचा कप धरायची तेव्हा मी कप बघतच नसे. तिने एकदा मला तिची अर्धी संपलेली लॅक्मेची बाटली दिली. झाकण उघडल्यावर येणारा तो वास! गोडसर, डोक्यात जाणारा.

आता वाचल्यावर कळलं की तो वास म्हणजे विद्रावकाचा. नेलपॉलिशचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज, म्हणजे बंदुकीच्या दारूतला कापूस, जुन्या सिनेमाची रिळं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे मोटारींचे रंग यांचा सख्खा भाऊ. तो द्रावणात विरघळवून ठेवतात, नखावर लावला की द्रावण उडून जातं आणि मागे चकचकीत पापुद्रा राहतो. नखांचं दुकान हा प्रकार त्याच्याही आधीचा. न्यूयॉर्कमध्ये मेरी कॉब नावाच्या बाईने १८७८ साली नुसत्या हातांच्या निगेसाठी जागा उघडली. तेव्हा नखं कापून, पावडर लावून, चामड्याने घासून चकाकी आणायचे. १९११ साली नॉर्थम वॉरन नावाच्या गृहस्थाने कातडी न कापता मऊ करून काढायचं औषध बाजारात आणलं, तेच क्युटेक्स. रंगीत पॉलिश त्यांनी नंतर काही वर्षांनी आणलं. आणि १९३२ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, रेव्हसन बंधू आणि लॅकमन नावाचा रसायनवाला यांनी पातळ रंगाऐवजी दाट, अपारदर्शक रंग काढला. रेव्हसनमध्ये लॅकमनचा एल घातला आणि झालं रेव्हलॉन. लोकांकडे भाकरीला पैसे नव्हते आणि नखांचा रंग मात्र खपत होता. मला आधी हे विचित्र वाटलं. मग आमच्या चाळीत संपाच्या काळातही मेंदीच्या पुड्या संपायच्या ते आठवलं.

लॅक्मे १९५२ची, टाटांची. परदेशी प्रसाधनांवर परकीय चलन जातंय म्हणून नेहरूंनी जेआरडींना गळ घातली असं सांगतात. नाव घेतलं एका फ्रेंच ऑपेरावरून, आणि त्या ऑपेरातलं नाव म्हणजे आपली लक्ष्मीच, फ्रेंच उच्चारातून फिरून आलेली. मामीच्या त्या बाटलीत एवढं सगळं होतं. मला तेव्हा फक्त लाल रंग दिसत होता.

सातवीत असताना शाळेत पालकसभा होती. बाबा त्या दिवसांत घराबाहेर फारसे पडत नसत, म्हणून आई आली. पोळ्या देऊन तशीच, धावत. इस्त्रीची साडी होती, केस नीट होते, पण हात... बाईंच्या टेबलावर प्रगतिपुस्तक होतं आणि आईने सही करायला हात पुढे केला. माझ्या बाजूला बसलेल्या मुलीची आई अगदी मामीसारखी होती. मी आईच्या कानात म्हटलं, "हात पदराखाली घे ना."

तिने घेतला. सही केली, पेन ठेवलं आणि हात पदराखाली घेतला. सभा संपेपर्यंत तो तिथेच होता. घरी जाताना आम्ही भारतमाताच्या बाजूने चालत आलो, ती भाजीच्या भावाबद्दल बोलत होती.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी मी मामीची ती बाटली काढून दहाही बोटं रंगवली. आता ओरडा बसणार अशी खात्री होती. आईने माझे हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "छान दिसतंय. कणकेला हात लावू नकोस, रंग जाईल." संध्याकाळची कणीक मळणं माझं काम होतं. रंगाचे टवके उडून सगळी बोटं कोरी होईपर्यंत, म्हणजे आठ-दहा दिवस, तिने मला ते काम सांगितलं नाही. तेव्हा मला वाटलं, काय मस्त सूट मिळाली!

पालकसभेचा विषय आम्ही कधी काढला नाही. ना तिने, ना मी. चाळीस वर्षं.

२०१६ साली मी चुलतबहिणीकडे कॅलिफोर्नियात गेले होते. तिने मोठ्या हौसेने मला नेल सलूनमध्ये नेलं. समोर बसलेली बाई व्हिएतनामी, साधारण माझ्या वयाची. तिने माझा हात हातात घेतला आणि मला एकदम अवघडून आलं. आयुष्यात कुणी माझ्या हातासाठी असं खाली वाकून बसलं नव्हतं. मी तिच्या नखांकडे पाहिलं. आखूड. रंग नाही. कामाला टिकणारी.

बहिणीने नंतर गाडीत गोष्ट सांगितली, ती मी आता नीट वाचली. १९७५ साली सायगाव पडल्यावर अमेरिकेत आलेल्या निर्वासित बायकांच्या एका छावणीत, सॅक्रामेंटोजवळ, टिपी हेड्रन ही नटी मदतीला जायची. हिचकॉकच्या 'द बर्ड्स'मधली. या बायकांना काय काम शिकवावं यावर बराच खल चालला होता. बायकांचं लक्ष मात्र तिच्या नखांकडे. मग तिने आपली नखं करणारी बाईच छावणीत आणली. वीसेक जणी शिकल्या, परवाने मिळवले, त्यांनी बहिणींना, भावजयांना शिकवलं. आज अमेरिकेत या धंद्यातल्या निम्म्याच्या आसपास बायका-पुरुष व्हिएतनामी वंशाचे आहेत. श्रीमंतांची चैन त्यांनी स्वस्त करून कारकून बायकांपर्यंत आणली. त्याची किंमतही त्या क्षेत्रातल्या कामगारांनी मोजली. २०१५ साली न्यूयॉर्क टाइम्सने तिथल्या सलूनमधल्या तुटपुंज्या मजुरीबद्दल आणि रसायनांमुळे होणाऱ्या त्रासाबद्दल मोठी लेखमाला छापली, तेव्हा कुठे राज्याने घाईघाईने नियम कडक केले.

हे मी भाचीला सांगितलं. ती गप्प झाली, मग म्हणाली की तिची नखं करणारी मुलगी मणिपूरची आहे आणि दिवसभर मास्क लावून बसते. "मी तिला टिप देते गं," असंही म्हणाली. मी तिला आणखी एक माहिती दिली: तिच्या नखांवरचं ते जेल आणि आजीची कवळी हे रसायनाच्या नात्याने एकाच घराण्यातले. खोटं नाही! ओपीआय ही प्रसिद्ध नेलपॉलिशवाली कंपनी मुळात दाताच्या डॉक्टरांना सामान पुरवायची, नावातला पहिला ओ 'ओडोन्टोरियम'चा. आजीने लगेच कवळी काढून नातीच्या हाताशेजारी धरून पाहिली. भाची किंचाळली. :-)

आणि यातच शेवटी मला हवं ते सापडलं. कोरियात मुली उन्हाळ्यात एका फुलझाडाची फुलं आणि पानं तुरटी घालून ठेचतात, नखांवर लावून रात्रभर बांधून ठेवतात. नखं केशरी होतात. पहिला बर्फ पडेपर्यंत तो रंग नखावर राहिला तर पहिलं प्रेम सफल होतं म्हणे. ते झाड कोणतं? तर तेरडा! आपला, गौरीत बसणारा तेरडा. मेंदीत जे रंगद्रव्य असतं तेच याच्यातही असतं. हिंदीत याला गुलमेहंदी म्हणतात ते उगाच नाही. आणि आपण मराठी माणसं मात्र पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय, तेरड्याचा रंग तीन दिवस.

मी उत्साहाने आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यात काय. आम्ही पण लावायचो. संगमेश्वरला."

"तू? नखं रंगवायचीस?"

"मग. पोरी होतो ना आम्ही. गौरी विसर्जनाला निघायच्या आधी थोडा तेरडा काढून ठेवायचो. वर एरंडाचं पान बांधायचं. आई ओरडायची."

मला फक्त गुलमोहराच्या कळ्यांची सालं नखांना चिकटवून वाघ झालेली मी आठवत होते. आईलाही कधी नखं होती हे डोक्यातच आलं नव्हतं.

गेल्या गौरींना बाजारातून तेरडा जास्तीचा आणला. विसर्जन झाल्यावर रात्री खलबत्त्यात तुरटीबरोबर ठेचला. एरंडाचं पान मुंबईत कुठून आणणार, प्लॅस्टिकची पिशवी कापून घेतली आणि दोऱ्याने बांधली. डावा हात सोपा होता. उजव्याला मनगट वाकवलं, बोटं सैल झाली, एकेक करून बांधली, आणि मुठीत मऊ कापडाची गुंडाळी दिली. ती बघत होती. मी मान खाली घालून दोरा बांधत होते म्हणून बोलता आलं असेल. म्हटलं, "आई, सातवीतली पालकसभा आठवते?"

"आठवते ना." थोडा वेळ शब्द जुळवत होती. "गणितात पस्तीस होते तुला."

"ते नाही गं. मी तुला..."

"पस्तीस," ती म्हणाली. "दोरा घट्ट बांध, सुटेल रात्री."

सकाळी सोडलं तर दहाही नखं केशरी. दुभंगलेल्या अंगठ्याची चीर तेवढी जास्त गडद झाली होती. शेजारच्या काकू आल्या तर तिने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला आणि दाखवला.

नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण बदलायला सहाएक महिने. मुळाशी कोरं उगवत जातं आणि रंग टोकाकडे सरकतो. दर रविवारी मी तो थोडा थोडा कापत आले. गेल्या रविवारी डाव्या हाताची शेवटची केशरी कड गेली. उजव्याची वाढ हळू आहे, अंगठ्यावर अजून अर्धा चंद्र शिल्लक आहे.

"आज शनिवार नाही ना गं?"

"नाही आई, रविवार आहे. पाणी गरम नाही ना लागत?"